लांबचा गोल

"ही जागा रिकामी नाही," तो मैदानावरची नजर न हलवता म्हणाला.

ती बासष्ट पायऱ्या चढून आली होती. स्टेडियमचा सगळ्यात वरचा मजला, शेवटून दुसरी रांग. बारीक पाऊस वाऱ्याबरोबर तिरका आत येत होता, आणि तिच्या खुर्चीवर कुणाची तरी अवजारांची पिशवी ऐटीत बसली होती.

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझीच आहे."

आता त्याने वर पाहिलं. जाड काचांचा चष्मा, काचांवर थेंब. "ही मामांची जागा आहे. नऊ वर्षं ते माझ्या शेजारी बसतात."

"मी त्यांची भाची. या जिन्यापुढे मामांच्या गुडघ्यांनी हात टेकले. सीझनचं तिकीट मात्र सोडवेना, म्हणून मला पाठवलंय."

त्याने पिशवी उचलून पायांपाशी घेतली. गळ्यातल्या मफलरच्या टोकाने खुर्ची पुसली, आणि मग बहुधा आपण जरा जास्तच केलं असं वाटून पुन्हा मैदानाकडे बघू लागला.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कितीही धुतलं तरी न जाणारं ग्रीस त्याच्या नखांच्या कडांना राहिलेलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतच तिच्या लक्षात आलं, की या माणसाला जवळचा गोल दिसतो; लांबच्या गोलकडे चेंडू गेला की तो डोळे बारीक करून नुसता अंदाज बांधतो.

सामना संपत आला असताना लांबच्या गोलपुढे गर्दी झाली आणि सगळा स्टँड उभा राहिला. तोही राहिला. मग हळूच तिच्याकडे झुकून, चोरट्या आवाजात त्याने विचारलं, "कोणी मारला?"

"तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं... म्हणजे नीट नाही."

तिने सांगितलं. कॉर्नर आला, चार नंबरने उडी मारून डोकं लावलं, गोलरक्षक एकीकडे झेपावला आणि चेंडू दुसरीकडून आत गेला. ऐकताना तो तिच्या चेहऱ्याकडे असा बघत होता, जणू गोल तिथेच झाला होता.

टीम जिंकली, आणि दोघं अडकले.

कारण त्या रांगांमध्ये एक पक्का नियम होता. जिंकलेल्या दिवशी जे जसं असेल ते तसंच ठेवायचं. मागच्या रांगेत एक रिटायर झालेले बसड्रायव्हर बसायचे. टीम जिंकत राहिली की ते तपकिरी मोजे धूत नसत, आणि त्यांच्या आजूबाजूचे लोक वासावरून टीमची स्थिती ओळखत. लिफ्टवाल्याचा चष्माही असाच. चार वर्षांपूर्वीचा, एका दांडीला चिकटपट्टी. पुढच्या सामन्याला तिने त्याला समजावलं, की तुमचा नंबर बराच वाढलाय, दुकानात या, अर्ध्या तासाचं काम आहे. तो दचकला. मागे ड्रायव्हरांनी ऐकलं तर नाही ना, हे त्याने वळून पाहिलं.

"सीझन संपू दे," तो कुजबुजला. "तोवर तुम्ही सांगत जा. मागच्या वेळी सांगितलं तसंच."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर लीगमध्ये सहावा नंबर. दरवर्षीसारखा."

ती हसली. नशीब वगैरे गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण दर दुसऱ्या रविवारी ती ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी जिना चढू लागली, आणि हे फुटबॉलसाठीच आहे असं मामांना सांगू लागली. मामांनी काही विचारलेलं नसतानाही.

मध्यंतरात वाद रंगायचा. विषय एकच, आपण लीग जिंकू का? तो म्हणायचा, जिंकू. ती म्हणायची, पहिल्या नंबरच्या टीमला तेलाच्या पैशावर बसलेल्या शेठने विकत घेतलंय; त्यांच्या राखीव खेळाडूंच्या पगारात आपलं हे स्टेडियम छपरासकट बांधून होईल. आपले मालक रंगाच्या डब्यांचा कारखाना चालवतात आणि खेळाडूंना बसने नेतात. तो म्हणायचा, बसने जाणारे एकमेकांशी बोलतात तरी. ती म्हणायची, बोलून गोल होत नाहीत.

"मग कशाने होतात?"

"गोल मारणारा विकत आणावा लागतो. हल्ली सगळीकडे तसंच आहे, तुम्हाला पटो न पटो."

"मग तुम्ही येता कशाला इथे?"

"तिकीट वाया जातं," ती म्हणाली, आणि थर्मासचं झाकण उगाचच दोनदा फिरवलं.

सीझनच्या मध्यावर क्लबने आपला लेफ्ट विंगर विकला. सगळ्यांचा लाडका, याच शहराच्या शाळेत वाढलेला पोरगा. लिफ्टवाल्याला ते घरातलं माणूस विकल्यासारखं लागलं. ती मात्र शांतपणे म्हणाली, की क्लबने शहाणपणा केला. त्या एकाच्या पैशात तीन बचावपटू आले, आणि बचाव नसताना कुणी लीग जिंकत नाही. त्याने मफलर घट्ट केला आणि तोंड फिरवलं.

अबोला पडला. पण नियम तर नियम. साठाव्या मिनिटाला लांबच्या बाजूला गोल झाला, सगळे नाचू लागले, आणि तो मख्ख चेहऱ्याने समोर बघत नुसता उभा. विचारणार तरी कसा? शेवटी तिनेच, त्याच्याकडे न बघता, बातम्या वाचाव्यात तशा कोरड्या आवाजात सांगितलं, की नऊ नंबर, डाव्या पायाने, गोलरक्षकाच्या दोन पायांमधून.

"दोन पायांमधून?" त्याला राहवलं नाही.

"हो."

"बिचारा," तो म्हणाला, आणि दोघांनाही हसू फुटलं. मागून ड्रायव्हर म्हणाले, की भांडून झालं असेल तर शेंगदाणे इकडे द्या.

तीन नवे बचावपटू खरोखर चांगले निघाले. त्यांच्यामुळे गोल खाणं थांबलं आणि टीम वर सरकत गेली. पाचवी, तिसरी, मग दुसरी. आणि शेवटचे दोन सामने उरले तेव्हा पहिली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आता तर जो तो खुर्चीत बूड हलवायलाही घाबरायचा. लिफ्टवाला तिच्याशी बोलताना मधेच अडखळायचा, काहीतरी ओठांवर यायचं, आणि तो ते गिळून बचावफळीबद्दल बोलायचा. एकदा गर्दीत तिचा हात त्याच्या हाताला लागला आणि दोघांनीही तो काढून घेतला नाही... पण सामना संपल्यावर त्याने नेहमीसारखी मान डोलावली आणि पिशवी उचलून निघून गेला. दोघं स्टेडियमबाहेर एकदाही भेटले नव्हते. पहिल्या दिवशी भेटले नव्हते, म्हणून.

शेवटचे दोन्ही सामने लागोपाठच्या रविवारी याच मैदानावर होते. त्यातल्या पहिल्याच्या मध्यंतरात तिने सांगून टाकलं. दुकानाच्या मालकीणबाई दुसऱ्या शहरात शाखा काढताहेत, रेल्वेने पाच तासांवर. तिथे तिला मुख्य म्हणून पाठवायचं म्हणतात. स्वतंत्र खोली, नवी यंत्रं, पगार वाढवून.

त्याने हातातला कागदी कप खाली ठेवला. "कधी?"

"सीझन संपला की. उत्तर मात्र येत्या शुक्रवारपर्यंत द्यायचंय."

"शेवटचा सामना रविवारी आहे," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"म्हणजे... दोनच दिवस मधे."

"मालकीणबाई फुटबॉल बघत नाहीत," ती म्हणाली. तिला आणखी बोलायचं होतं. जावंसं तिला फारसं वाटत नव्हतं, पण नुसत्या आशेवर थांबणंही मूर्खपणाचं वाटत होतं. याने एक शब्द बोलावा, कुठलाही. पण शिट्टी वाजली, लोक जागेवर आले, आणि तो डोळे बारीक करून मैदानाकडे बघू लागला. टीम जिंकली. त्याने मान डोलावली आणि गेला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. ती गिऱ्हाइकांना काचा दाखवत राहिली. गुरुवारी मामांनी जेवताना विचारलं, की काय ठरलं? ती म्हणाली, उद्या सांगते. मामांनी आणखी भाजी वाढली.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला दुकानाचं दार उघडलं. तो कामावरून तसाच आला होता, हाफ जॅकेटवर धूळ, खांद्याला पिशवी. दारातच उभा राहून त्याने आधी पाय पुसले, मग परत एकदा पुसले.

"डोळे तपासायचेत," तो म्हणाला.

तिने त्याला आतल्या खोलीत बसवलं. दिवा मंद केला. त्याचा जुना चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हा त्याने त्या चष्म्याकडे असं पाहिलं, की तिला वाटलं हा उठून जाईल. पण तो बसून राहिला. तिने तपासणीची जड चौकट त्याच्या नाकावर चढवली, एक डोळा झाकला, समोर अक्षरांचा तक्ता उजळला.

"आता सांगा. ही काच चांगली..." तिने काच बदलली, "की ही?"

"दुसरी."

"आता? ही... की ही?"

"शुक्रवार आहे म्हणून आलो," तो म्हणाला.

तिचा हात काच धरून हवेतच थांबला.

"चष्मा काय, रविवारनंतरही चालला असता," तो तक्त्याकडेच बघत बोलत राहिला, एक डोळा झाकलेला, चेहऱ्यावर ती विचित्र चौकट. "चार दिवस विचार केला. काल एका इमारतीत लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकली होती. आत एक आजीबाई होत्या. मी वरून ओरडून सांगितलं, घाबरू नका, हलू नका, सगळं तसंच राहू द्या. त्या म्हणाल्या, अरे बाबा, तसंच राहिलं तर मी बाहेर कशी येणार..." त्याने श्वास घेतला. "जाऊ नका. म्हणजे तुम्हाला जायचं असेल तर जा, मी रविवारी रविवारी येईन, पाच तास काही फार नाहीत. पण मी काही बोललो नाही म्हणून जाऊ नका. मला तुम्ही आवडता. पहिल्या गोलपासून."

तिने हातातली काच पुसली.

"लीग गेली तर?" तिने विचारलं.

"तर गेली," तो म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज जरा कापला, आणि तिच्यासाठी तेवढं पुरे होतं.

तिने उरलेली काच चौकटीत सरकवली. "आता दिसतं का नीट?"

"दिसतं."

"मग हसू नकोस, चौकट हलते," ती म्हणाली. तपासणी संपवून ती बाहेर गेली आणि मालकीणबाईंना सांगून आली, की नव्या शाखेसाठी दुसरं कुणीतरी बघा. बाईंनी कारण विचारलं. ती म्हणाली, डोळ्यांचं आहे. बाईंनी काचेच्या दारातून आत डोकावून पाहिलं आणि मान डोलावली.

रविवारी स्टेडियम खच्चून भरलेलं होतं. तेलवाल्यांनी आपला शेवटचा सामना शनिवारीच जिंकून ठेवला होता. आज जिंकलो तर लीग आपली. बरोबरी झाली तरी तेलवाल्यांची. समोरची टीम तीच, जिने आपला लेफ्ट विंगर विकत घेतला होता. नव्या चष्म्यामुळे त्याला सगळं दिसत होतं, प्रेक्षकांच्या हातातले झेंडे, गोलच्या जाळीची भोकं, तिच्या कपाळावरचा लहानसा व्रण. मध्यंतरानंतर लगेचच आपल्या टीमने गोल मारला, जवळच्या बाजूला. मग अर्धा तास कुणी धड श्वास घेतला नाही.

शेवटची सहा मिनिटं राहिली होती. लेफ्ट विंगर डाव्या कडेने सुटला, नव्या तीन बचावपटूंपैकी दोघांना चकवलं आणि लांबच्या गोलमध्ये चेंडू अलगद टाकला. त्याने हात वर केले नाहीत. मान खाली घालून तो परत फिरला.

सवयीने ती त्याच्याकडे झुकली.

"सांगू नकोस," तो म्हणाला. "दिसलं."

सामना तसाच संपला. मागे ड्रायव्हर बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी पुढच्या रांगेकडे नीट पाहिलं. "नवा चष्मा?"

"हो," तो म्हणाला. "शुक्रवारी केला. चूक माझी."

ड्रायव्हरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग दोघांच्या खुर्च्यांच्या मधे असलेल्या दोन हातांकडे, जे एकमेकांत गुंतलेले होते. काहीतरी कडक बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण नुसता उसासा टाकला आणि दांडा धरून पायऱ्या उतरू लागले.

"दोन दिवस थांबायला हवं होतं आपण," ती म्हणाली. तिचे डोळे खरोखरच भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच तिला नशिबाची भीती वाटत होती. "आपल्यामुळे झालं."

"काहीतरीच काय? चष्म्याने कुठे गोल होतात?" तो म्हणाला. "त्याला विकलं, त्यांनी घेतलं, त्याने मारला. साधा हिशोब आहे."

"तू असं बोलतोस?"

"मग काय करू? तू तसं बोलतेस."

पाऊस नव्हता. दुपारचं ऊन उतरत्या छपराखालून आत आलं होतं आणि रिकाम्या रांगांवर लांबवर पसरलं होतं. खाली कामगार कागदी कप गोळा करत होते. तिचा फोन वाजला. मामा सामना टीव्हीवर कधीच बघत नसत, त्यांच्याने बघवत नसे. ते स्वयंपाकघरात दार लावून बसत आणि वेळ झाली की फोन करत.

"गेली?" मामांनी विचारलं.

"गेली, मामा. बरोबरी झाली."

मामा म्हणाले, "अगं, मग तुझा आवाज असा का येतोय?"

ती शेजारी बघत म्हणाली, "मी घरी येतेय. लिफ्टवाल्यालाही घेऊन येते."

मामांनी विचारलं, "रडायला आणतेस, की काही सांगायला?"

"दोन्हीला."

"बरं, आण," मामा म्हणाले. "पण आधी रडून घेऊ. मग बाकीचं."