दक्षिणेचं पान

नीलिमाला कुणी विचारलं की बाई, तू नेमकं काम काय करतेस, तर ती म्हणायची, "लोकांचे अंगठे बघते." यात खोटं काही नव्हतं. कंपनीची ॲप्स वापरताना लोकांचं बोट पडद्यावर कुठे जातं, कुठे अडखळतं, कुठल्या चित्रावर दाबायचं सोडून भलत्यावरच पडतं, याची रेकॉर्डिंगं ती दिवसभर बघायची आणि त्यावर अहवाल लिहायची. पुण्यात शिकलेली, सहा वर्षं बंगळुरात मुरलेली बाई. कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की ही सरळ उठून चहा टाकायला जायची.

तेव्हा सासूबाईंना फोन शिकवायचं काम तिच्याच गळ्यात पडलं, यात नवल नव्हतं.

विठाबाई निपाणीहून बंगळुरात येलहंक्याला लेकाकडे कायमच्या राहायला आल्या त्या फेब्रुवारीत. नवरा, कल्लाप्पा, दिवाळीनंतर गेला होता, तळहातावर तंबाखू मळता मळता. बाईंना अक्षरओळख नव्हती. म्हणून नीलिमाने नवा फोन आणला आणि पहिल्याच पानावर मोठाले गोल चेहरे लावून दिले, एका पानावर बारा मावतील असे. नाव नाही, नंबर नाही. चेहऱ्यावर बोट टेकवलं की त्या माणसाला फोन लागणार. पहिला चंदन, म्हणजे मुलगा. मग नीलिमा. मग निपाणीचा भाऊ दत्तामामा, चंदनची बहीण, तिची पोरं, समोरच्या फ्लॅटमधली धनलक्ष्मीअक्का, नळ दुरुस्त करणारा नागराज. दुसऱ्या पानावर भजनं, टॉर्च, कॅमेरा.

"बोट आडवं सरकवलं की पान उलटतं," नीलिमा म्हणाली.

"हे बरं हाय की. आन् ह्यांचा कुठं हाय फोटो?"

कल्लाप्पांचा नंबर केव्हाच बंद झाला होता. तरी म्हातारीचं मन मोडू नये म्हणून नीलिमाने त्यांचाही फोटो लावला, स्वतःच्या आणि दत्तामामाच्या मधे. विठाबाईंनी तो बघितला आणि फोन हातातून टाकूनच दिला.

"अगं बाई! जित्या माणसांत मेलेल्याला बसवतंय व्हय कोण?"

त्यांच्याकडे रीत होती. गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीला, एकटा, जिवंत माणसांच्या फोटोंपासून लांब. निपाणीच्या घरात बापाचा फोटो टांगताना चंदनने हाताला लागले म्हणून दोन खिळे ठोकले होते, तर आईने आरडाओरडा करून दुसरा उपटायला लावला होता. त्या भिंतीला जास्तीचा खिळा ठेवत नाहीत.

नीलिमाने एक तिसरं पान केलं आणि कल्लाप्पांना उचलून तिथे नेऊन ठेवलं. "घ्या, बाबांना स्वतंत्र खोली," ती हसत म्हणाली. "आणि अजून अकरा जणांची सोय आहे!"

"असलं बोलू नये, नीलू."

"अहो आई, रिकाम्या जागा दिसत पण नाहीत त्यात."

"दिसत न्हाईत म्हणून नसत्यात व्हय?"

नीलिमाने मान डोलावली. पण तिला मनातून हसूच येत होतं.

पुढे म्हातारी त्यात छान रमली. रोज अंघोळ झाली की फोन घ्यायची, दोनदा पान उलटायची, कल्लाप्पांना नमस्कार करायची आणि दोनदा उलटं सरकवून परत लेकराबाळांत यायची. त्या पानाला ती दक्षिणेचं पान म्हणायची.

एप्रिलमध्ये एका सकाळी विठाबाई फोन घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "दत्ता तिकडं गेलाय बघ."

दक्षिणेच्या पानावर कल्लाप्पांच्या शेजारी दत्तामामा होते. नीलिमाने उगाच कपाळावर हात मारून घेतला. "आई, तुमचं बोट जड आहे. टेकवायचं असतं, तुम्ही दाबून धरता. मग चित्र उचललं जातं आणि बोटाबरोबर पुढच्या पानावर जातं. सगळ्या म्हाताऱ्या माणसांचं होतं असं." या एका चुकीवर तिने वीस पानांचा अहवाल लिहिलेला होता. तिने मामांना परत पहिल्या पानावर आणून सोडलं.

एकच गोष्ट तिला खटकली. पहिल्या पानावरचे मामा तंबाखूने रंगलेले सगळे दात काढून हसत होते. तिकडे असताना त्यांचं तोंड मिटलेलं होतं. दुसराच कुठला तरी फोटो आला असेल, असं म्हणून तिने इडलीचं भांडं गॅसवर चढवलं.

चौथ्या दिवशी निपाणीहून फोन आला. दत्तामामा वखारीत पोत्यांवर बसल्या जागी गेले होते. एकाहत्तर वर्षं, साखर, रक्तदाब. माणूस जातो. सगळे जाऊन दिवस उरकून परत आले, तेव्हा मामांचा चेहरा पुन्हा दक्षिणेच्या पानावर होता, तोंड मिटून.

"आता तिथंच राहू दे त्याला," विठाबाई म्हणाल्या आणि डोळे पुसले.

जूनमध्ये धनलक्ष्मीअक्का तिकडे दिसली. सकाळचे आठ वाजले होते, जवळच्या हवाई दलाच्या धावपट्टीवरून एकामागून एक लढाऊ विमानं कान फाडत वर जात होती. नीलिमाने तिला परत आणलं आणि पानांची मांडणी कुलूपबंद केली. आता कुणाचंही बोट कितीही जड असलं तरी चित्र हलणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं होतं आणि धनलक्ष्मीअक्का दक्षिणेच्या पानावर होती.

नीलिमाने जाऊन समोरची बेल वाजवली. अक्काने हातात झारा घेऊनच दार उघडलं. अठ्ठेचाळीस वर्षांची, रोज तळ्याला दोन फेऱ्या मारणारी ठणठणीत बाई. "येनु नीलिमा? काय पाहिजे?"

"काही नाही अक्का. तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?" असं कानडी वळणाच्या मराठीत म्हणून अक्काने तिच्या हातावर वाटीभर चित्रान्न ठेवलं.

त्या गुरुवारी अक्का बाथरूममध्ये घसरली. डोक्याला मार लागला. दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा टिकली नाही.

आता मात्र नीलिमा घाबरली. घाबरली तरी तिने तिला येत होतं तेच केलं. ऑफिसात अनोळखी लोकांच्या फोनवर करायची तसं सासूच्या फोनवर रेकॉर्डिंग लावलं. पडद्याला बोट लागलं की तिथे पांढरा ठिपका उमटतो, बोट सरकलं की ठिपका सरकतो. कोण काय करतंय ते दिसलं की प्रश्न मिटला, असं तिने स्वतःला बजावलं.

आठ दिवस नुसता म्हातारीचाच ठिपका दिसत होता. रविवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी दुसरा आला.

त्या वेळी फोन जेवणाच्या टेबलावर चार्जिंगला होता. विठाबाई दिवाणावर घोरत होत्या आणि नीलिमा तिथेच बसून मटार सोलत होती. फोनजवळ कुणीही गेलं नव्हतं, हे तिने शपथेवर सांगितलं असतं. रेकॉर्डिंगमध्ये ठिपका पडद्याच्या कडेने आत आला. मधेच थांबला. एका जागी दोनदा गोल फिरला, तळहातावर तंबाखू मळावी तसा. मग चंदनच्या चेहऱ्यावर टेकला आणि दाबून राहिला. चेहरा उचलला गेला. ठिपका थरथरत, वाटेत विसावा घेत, त्याला दोन पानं ओढत घेऊन गेला आणि धनलक्ष्मीअक्काच्या पलीकडे ठेवून निघून गेला.

सहा वर्षं ती अंगठे बघत होती. हा यंत्राचा बिघाड नव्हता.

तिने विठाबाईंना उठवून ते दाखवलं. म्हातारीने डोळे बारीक करून बघितलं. "परत दाव," म्हणाली. ठिपका गोल फिरला तिथे तिने पदर तोंडाला लावला.

"कुणाचा अंगठा आहे हा, आई?"

"मला काय ठावं?" विठाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. बराच वेळ त्यांची पाठ हलत होती.

चंदन गुरुवारी कामासाठी गाडी घेऊन हुबळीला जाणार होता. नीलिमाने त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तिच्या कपाळाला हात लावून बघितला. "अगं, तूच म्हणतेस ना, आईचं बोट जड आहे म्हणून? दोन माणसं गेली, वाईट झालं. म्हणून मी काय घरात बसू?"

"बस. माझ्यासाठी बस."

"वेडी आहेस काय?" तो म्हणाला. पण प्रेमानेच म्हणाला.

सोमवारी तिने रजा टाकली. चंदनला पहिल्या पानावर आणलं, तासाभरात तो परत तिकडे गेला. त्याचं चित्र पुसून टाकलं, तर पहिल्या पानावरून ते गेलं आणि तिकडे मात्र राहिलं, तोंड मिटून. अख्खं तिसरं पान काढून टाकलं. फोन बंद करून चालू केला, तर पान जागेवर, माणसं जागेवर. त्याच्या जागी टॉर्च नेऊन ठेवला. टॉर्च पाच मिनिटांत दुसऱ्या पानावर परत आला आणि चंदन पुन्हा तिकडे गेला.

टॉर्च चालत नव्हता. तिथे माणूस हवा होता.

हे तिच्या डोक्यात आलं. मग तिने पहिलं पान उघडलं.

नणंद. नणंदेची दोन पोरं. चंदनची आत्या. ती स्वतः.

नागराज.

सिंकखाली वाकलेला असताना हाक मारून तिनेच फोटो काढला होता. हातात पाना, कानावर विडी. दोनदा आला होता, दोन्ही वेळा काम चोख. त्याला बायकापोरं होती का, हे तिला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं नाही, असं तिने ठरवलं.

तिने त्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं. चेहरा उचलला गेला. दोन पानं.

विठाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी बघितलं, आणि त्या देवापुढे दिवा लावायला गेल्या.

चंदन पहिल्या पानावर राहिला. तास गेला, रात्र गेली, मंगळवार गेला. गुरुवारी तो हुबळीला गेला, आणि शुक्रवारी अंधार पडायच्या आत धारवाडचे पेढे घेऊन परतसुद्धा आला. लिफ्टपाशी वॉचमनने त्याला सांगितलं होतं, ते त्याने बूट काढता काढता घरात सांगितलं. आपला तो नळवाला नागराज गेला म्हणे, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या टाकीत उतरला होता, मोटरचा शॉक बसला. "लहान लहान पोरं आहेत गं त्याची," चंदन हळहळला आणि त्याने पेढा तिच्या हातावर ठेवला.

नीलिमाने तो खाल्ला. नवरा समोर धडधाकट उभा होता आणि तिला इतकं बरं वाटत होतं की तिची तिलाच शिसारी आली. मग तिने अजून एक पेढा मागून घेतला.

त्यानंतरचे अकरा दिवस बरे गेले.

बाराव्या दिवशी सकाळी विठाबाईंनी नमस्कार केला आणि फोन तसाच पुढे धरला. नागराजच्या पलीकडे चंदन होता.

आतून चंदनच्या शॉवरचा आवाज येत होता. तो शीळ घालत होता.

"आता पहिल्या पानावर समदी घरचीच राहिल्यात," विठाबाई हळूच म्हणाल्या.

"हो."

"माणसं कमी हाईत आपल्याकडं, नीलू."

नीलिमाने फोन घेतला. विठाबाईंनी खुंटीवरची पिशवी काढून तिच्या हातात दिली, वर बाजाराचे पैसे दिले आणि दार लावून घेतलं.

जुन्या येलहंक्याच्या बाजारात सकाळची गर्दी होती. देवळाजवळ एक फुलवाली शेवंतीचे हार वेटोळून बसली होती. विशीबाविशीची असेल. नीलिमाने दोन हात मोगरा घेतला, भाव केला नाही.

"तुझं नाव काय गं?"

"पवित्रा, अक्का."

"आमच्या घरी आजी आहेत, त्यांना वाचता येत नाही. फोटो बघून फोन करतात. तुझा एक फोटो काढू? नंबर पण दे. फुलं तुझ्याकडूनच मागवत जाऊ."

पोरीचा चेहरा उजळला. रोजचं गिऱ्हाईक मिळालं होतं. "स्वल्प निल्ली अक्का," थांबा जरा, असं म्हणत तिने घाईघाईने केस मागे सारले, टोपलीतला एक गजरा तोडून डोक्यात माळला आणि ओढणी नीट केली. मग मागे वळून हाक मारली. शेजारच्या गाड्यावरची तिची बहीण हात पुसत आली आणि लाजत तिला खेटून उभी राहिली.

"अक्का, हिचा पण काढा की. ही केळीची पानं विकते."

नीलिमाने फोन वर धरला. दोघी छान मावत होत्या.

"एकत्र नको," ती म्हणाली. "एकेकीचा वेगळा काढते."