ओढ्यापलीकडचं नाव

“आई इथली नाही? म्हणजे काय, आउस्मा? अख्खा जन्म या घरात काढलेली बाई इथली नाही?”

ग्विडोने हातातला कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर असा आपटला, की चमच्यांचा डबा खणखणला. आउस्मा चुलीपाशी पाठमोरी उभी होती. बर्चच्या लाकडाचं ढलपं चुलीत सारायचं सोडून ती ते नुसतंच हातात धरून राहिली... धाकट्या भावाचा चढा आवाज तिला नवा नव्हता, पण त्या आवाजातला हा तिरस्कार नवा होता! बारा वर्षं ज्या क्षणाची धास्ती तिने उरात दडवली होती, तो क्षण असा भर दुपारी, बटाटे उकडत असताना यावा?

कागद नगरपालिकेचा होता. शरद ऋतूत वेल्टाआईला पक्षाघाताचा झटका आला. पाय वाचले, पण उजवा हात आणि डोक्यातलं बरंचसं काही गेलं. हिवाळ्यात दोनदा ती नुसत्या गाउनवर गोठलेल्या ओढ्यावर चालत गेली. दुसऱ्यांदा बर्फ फुटला. शेजाऱ्यांनी तिला ओढून काढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिच्याजवळ चोवीस तास माणूस हवं. आउस्मा पहाटे चारपासून बेकरीत काळ्या पावाची कणीक तिंबणारी, साठीला टेकलेली बाई. तिचा पगार थांबला तर चूलही थांबणार. ग्विडोचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि नवरा-बायको दोघंही पाळीवर. उरला होता तो याच रस्त्याच्या टोकाचा वृद्धाश्रम... तिथल्या खिडकीतून आईला आपली सफरचंदाची झाडं दिसली असती, आणि बिरुटामावशी, तिची शाळेपासूनची मैत्रीण, तिथेच राहत होती. अर्ज केला. उत्तर आलं ते हे: वेल्टाबाईंचं नाव आमच्या दप्तरी नाही, बारा वर्षांपासून त्या ओढ्यापलीकडच्या रहिवासी आहेत.

गाव एकच, पण देश दोन. मधून ओढा, अलीकडे लाटव्हिया, पलीकडे एस्टोनिया. सरहद्दीचं कुंपण निघालं तशी माणसं इकडून तिकडे कामाला जाऊ लागली आणि तिकडून इकडे स्वस्त बिअर न्यायला येऊ लागली. आणि दर रविवारी या टेबलावर तीच पंचायत बसायची, कुठली बाजू बरी?

“तिकडे पगार बघ,” ग्विडो बोटांवर मोजत सुरू करायचा. “तिकडे कचेरीत रांग नाही. तिकडे रस्त्याला खड्डा नाही.”

“आणि तिकडे शेजाऱ्याला शेजाऱ्याचं नाव माहीत नाही,” आउस्मा वाढता वाढता म्हणायची. “तुझ्या जिन्यात मेलं कुणी, तर वासावरून कळेल तुम्हाला!”

“माझ्या जिन्याचं नाव काढू नकोस! मी परका माणूस, मोडकंतोडकं बोलणारा. गेलो, मागितलं, आणि त्यांनी मला तीन खोल्या दिल्या! तिकडे माणसाची किंमत आहे, आउस्मा. इकडे दिली असती कुणी?”

तीन खोल्या हे त्याचं हुकमाचं पान होतं. ते पडलं की आउस्मा गप्प व्हायची, आई खाली बघून हसायची, आणि ग्विडोची एस्टोनियन बायको मारिका टेबलावरचे पावाचे कण गोळा करत बसायची.

आज तोच ग्विडो कागदावर बोट ठेवून विचारत होता, “आणि पत्ता कुणाचा? माझा! माझ्या घरात माझी आई बारा वर्षं राहतेय आणि मला पत्ता नाही! तूच केलंस हे. तिकडे म्हाताऱ्यांना बस फुकट, औषधं स्वस्त, म्हणून आईचं नाव गुपचूप सरकवलंस. आणि तोंडाने? तोंडाने इकडचे गोडवे! ढोंगी कुठली!”

आउस्माने वळून पाहिलं. दारात मारिका उभी होती, चुन्यासारखी पांढरी पडलेली. दोघींची नजर एकच क्षण भेटली. त्या नजरेतली केविलवाणी विनवणी आउस्माला कळली... आणि तिने पापण्या मिटल्या.

“हो,” ती म्हणाली. “मीच केलं.”

खरं काय ते तिघींनाच ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी, बर्फाचा चिखल झाला होता त्या दिवसांत, मारिका एका संध्याकाळी या चुलीपाशी येऊन ढसाढसा रडली होती. ओलीची एकच खोली, जुळ्या मुली आळीपाळीने खोकणाऱ्या, आणि ग्विडो रोज नव्याने खचणारा. घरात एखादं वृद्ध माणूस नोंदलेलं असेल तर नगरपालिकेची तीन खोल्यांची जागा मिळू शकते, असं तिला कळलं होतं. विचारायला तिची जीभ रेटत नव्हती. पण आईने पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

“अगं, नावच जातंय ना? मी कुठे जातेय!” आई हसत म्हणाली आणि डोळ्यांवर चष्मा चढवून सही करून मोकळी झाली. मग दोघींकडे बोट रोखून म्हणाली, “ग्विडोला कळता कामा नये. बाप गेल्यापासून त्या पोराला स्वतःच्या जोरावर काही मिळालेलं नाही. एवढं तरी मिळालं असं वाटू दे त्याला.”

या गावात अशी कागदावरची माणसं घरोघर होती. झोप ओढ्याच्या एका काठाला, नाव दुसऱ्या काठाला! कुणाला त्यात वावगं वाटत नसे. चार पावलांचं तर अंतर. आईच्या नावाने येणारी पत्रं मारिका पेटीतून काढून चुलीत घालत राहिली. आणि चार पावलांचं अंतर किती असतं, ते आज त्या कागदाने सांगितलं.

आउस्मा नगरपालिकेत गेली. खिडकीतली बाई तिच्याच बेकरीचा पाव नेणारी होती. तिने कागद तीनदा चाळले. “नाव परत घेते हो मी आजच्या आज,” ती म्हणाली, “पण जागा नोंदीच्या तारखेने मिळते. पुढे एकोणीसजण आहेत, आउस्मा. कुणाला मागे सारू?” आणि तीच बिचारी रुमाल काढून डोळे पुसू लागली. भांडावं तरी कुणाशी? सगळेच भले, सगळेच नियमाने वागणारे... आणि त्या भलेपणात तिची आई बुडत होती! जागा होती ती पलीकडे, नावाच्या गावी, तीस किलोमीटरवर पाइनच्या रानात. आठ दिवसांत हो म्हटलं नाही तर तीही गेली असती. आउस्माने सही केली.

तो आश्रम खरोखर उत्तम होता, आणि हेच अधिक जिव्हारी लागे. उबदार भिंती, पांढरीशुभ्र अंथरुणं, हसतमुख नर्स. सगळं ग्विडो सांगायचा तसंच! उणीव एकच होती. बाजारात दोन्ही काठांवर आंबट कोबी विकताना आई एस्टोनियन अशी बोलायची, की गिऱ्हाईक फसे. त्या झटक्याने ती सारी भाषा पुसून नेली होती. रशियनही गेली. उरली होती ती फक्त आईच्या आईची, अंगणातली लाटव्हियन भाषा. तिने पाणी मागितलं की नर्स प्रेमाने घोंगडी आणून देई. पुन्हा मागितलं की दुसरी घोंगडी. आई नर्सच्या हातावर थोपटून गप्प बसे.

दर रविवारी दोन बस बदलून आउस्मा जाई. ग्विडो शनिवारी जाई, तिचं तोंड बघावं लागू नये म्हणून. “तू आईला विकलंस,” एवढंच बोलून तो गेला होता, आणि मग वसंत सरला, उन्हाळा सरला, पुन्हा बर्फ पडला. एका शब्दाने तो सारा कलंक पुसता आला असता! पण तो शब्द उच्चारायचा म्हणजे भावाच्या आयुष्यातला एकुलता एक विजय हिरावून घ्यायचा, आणि आईला दिलेलं वचन मोडायचं... नाही, तिच्याने ते झालं नसतं. ती रोज पहाटे उठून कणीक तिंबत होती आणि मनातलं मनात ठेवत होती.

जानेवारीत एके दिवशी बेकरीच्या मागच्या दारी मारिका उभी राहिली. ओव्हरकोटाची बटणं उलटसुलट लागलेली, डोळे सुजलेले.

“त्याला कळलं,” ती तिच्या तुटक भाषेत म्हणाली. “आईंनीच सांगितलं.”

“आईने? अगं, आईला मागचं काही आठवतंय कुठे?”

“शनिवारी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, ‘तीन खोल्या पुरतात ना रे?’ तो हसला आधी. मग घरी येऊन मला विचारलं... मी सगळं सांगितलं, आउस्मा. मी भित्री आहे. दहा महिने तुला शिव्या खाऊ दिल्या मी!” तिने पिठाने माखलेले आउस्माचे हात घट्ट धरले.

“काय म्हणाला?”

“काही नाही. एका खोलीत जाऊन बसला थोडा वेळ. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. जेवलाच नाही.”

आउस्माला वाटलं होतं, हे ऐकून छातीवरचा धोंडा उतरेल. तिला फक्त आपला लहानगा भाऊ दिसला, तीन खोल्यांत आळीपाळीने बसणारा, आणि तिला हुंदका आवरेना.

फेब्रुवारीत आईचा नामदिन आला, म्हणजे दिनदर्शिकेत तिच्या नावासाठी नेमलेला दिवस. ओढ्याच्या अलीकडे त्या दिवशी कुणाला बोलावत नाहीत. ज्याचं नाव त्याने टेबल मांडून बसायचं. ज्याला आठवेल तो येतो. आईच्या टेबलाशी दरवर्षी खुर्च्या कमी पडत. आउस्माने बेकरीतून सुट्टी घेतली, केशर घालून मोठ्या वेटोळ्याचा गोड पाव भाजला, टोपलीत घेतला आणि दोन बस बदलून आश्रमात पोचली. पलीकडे या दिवसाचं कुणाला फारसं काही नसतं. नर्सने तरीही हौसेने टेबल दिलं, वर मेणबत्ती लावली. आउस्माने घरून आणलेला आपला निळा पोशाख आईने ओळखला. केस विंचरून घेतले. आणि दाराकडे तोंड करून बसली.

“येतील,” ती म्हणाली.

“आई, लांब आहे गं इथून...”

“येतील!”

अकरा वाजले, बारा वाजले. मेणबत्ती अर्धी झाली. आईची नजर दारावरून हलेना, आणि आउस्माला त्या नजरेकडे बघवेना. तिने सुरी उचलली, निदान एक तुकडा तरी आईला भरवू म्हणून... तेवढ्यात बाहेर मोटारीचं दार वाजलं, आणि ओसरीत आपल्या भाषेतला एक खणखणीत आवाज घुमला, “हळू रे मेल्या, मी काय लाकडाचा ओंडका आहे?”

बिरुटामावशी! तिची चाकांची खुर्ची ढकलत ग्विडो, मागे त्यांच्या रस्त्यावरच्या तीन म्हाताऱ्या, शेवटी हातात सात ट्यूलिप घेतलेली मारिका. ग्विडोने कारखान्याची गाडी मागून आणली होती. आईने डावा हात उंचावला आणि तिच्या तोंडून शब्द असे ओघळू लागले, की आउस्मा बघतच राहिली. कोंबड्या, कोबी, कुणाचं लग्न, कुणाचा कुत्रा... अर्धं संगतवार, अर्धं असंबद्ध; पण चारही म्हाताऱ्या हसत होत्या, तिला उत्तरं देत होत्या!

ग्विडो आउस्मासमोर येऊन उभा राहिला. तो एका वर्षात म्हातारा झाला होता.

“पाव करपला असेल नेहमीसारखा,” तो म्हणाला. “आउस्मा... मी तुला काय काय बोललो...”

“बोललास,” ती म्हणाली. तिने मोठा तुकडा कापून त्याच्या हातावर ठेवला. “खा आता.”

तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. पाव हातातच राहिला.

“मी आईला परत आणीन,” तो म्हणत होता. “खोल्या परत देईन त्यांना! तिन्ही देईन!”

“त्यांना दिल्यास म्हणून पुढचे एकोणीसजण हटणार आहेत का रे वेड्या?” तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला.

तीन वाजता उजेड उतरू लागला. म्हाताऱ्या उठल्या, रुमाल बांधू लागल्या, आईच्या गालांचे मुके घेऊ लागल्या. आणि आईही उठली. भिंतीवरच्या खुंटीशी गेली, आपला तपकिरी कोट काढला, एका हाताने धडपडत अंगावर चढवला आणि बिरुटामावशीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा उजळला होता.

“चला,” ती म्हणाली. “दिवे लागायच्या आत घरी पोचू.”

बिरुटामावशीने तोंड फिरवलं. आउस्मा पुढे सरली. दर रविवारी निघताना हा कोट तीच उतरवत आली होती. पण ग्विडोने बहिणीचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं.

“तू बस. मारिका, या सगळ्यांना घेऊन जा तू, मी मागून बसने येतो.”

गाडी गेली. ग्विडो आईसमोर गुडघ्यांवर बसला.

“ग्विडो, आपण नाही जायचं?” आईने विचारलं.

“थोड्या वेळाने, आई,” तो म्हणाला, आणि तिच्या कोटाचं खालचं बटण सोडवू लागला.