उलट्या तारा

परभणीहून सुटलेल्या गाडीत निवेदिताचं लक्ष समोरच्या माणसाकडं नव्हतंच मुळी. ते होतं त्याच्या मांडीवरच्या गोधडीकडं. गोधडीतून एका जुन्या गिटारीची मान डोकावत होती... मधाच्या रंगाची.

"काय बघायलात?"

"गिटार. गोधडीत गुंडाळलीय, तापबिप आलाय का हिला?"

तो हसला, आणि गालाला खळी पडली मेल्याच्या! श्रीनिधी नाव. मानवतला कॉलेजात शिकवायचा, जुन्या गिटारी जमवायचा नाद. ही हैदराबादच्या जुन्या बाजारात लय शोधून मिळालेली. फक्त तार दाबली की खरखरायची.

"द्या माझ्याकडं, मी करते," निवेदिता बोलून गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! सेलूच्या शाळेत गणित शिकवून उरलेला सगळा वेळ ती गिटारींतच असायची. जुन्या घ्यायच्या, नव्या घ्यायच्या, कानस चालवून मनासारख्या करायच्या. आई म्हणायची, "खोलीत पाय ठेवायला जागा नाही, जावई कुठं बसवू?"

मानवत रोड आलं. उतरता उतरता त्यानं गोधडीसकट गिटार तिच्या हाती दिली. "जीव हाय माझा हिच्यात. रविवारी येतो न्यायला."

मग रोज फोन. "उतरला का ताप?" विचारायचा गिटारीचं, पण आवाज असा मऊ, की गरम व्हायचे हिचेच कान. शनिवारी तोच आवाज मनात घोळवत ती कामाला बसली. मानेच्या टोकाला तारा टेकायची हाडाची नवी पट्टी घासली, तारांच्या खाचा कोरल्या, खाली तारा अडकवायच्या लाकडातली जुनी खाच बुजवून नवी पाडली. तारा चढवून छेडल्या... काय गोड बोलली!

आणि तिचे हात तारांवरच थांबले. निवेदिता डावखुरी. घरातली एकूण एक गिटार तिनं स्वतःसाठी उलटी करून घेतलेली, आणि आजही हात सवयीनंच चालले होते. जाड तारेच्या जागी बारीक, बारकीच्या जागी जाड. कोरलेलं लाकूड काही परत उगवत नाही, आणि पुन्हा कोरायला गेलं तर एवढं जुनं लाकूड फुटणारच.

आईनं ठेवलेला चहा तसाच निवला. काय सांगायचं त्याला? कसं तोंड दाखवायचं? गिटार गेली ती गेलीच, आता माणूसही जाणार. आणि माणूस जाऊ नये असं तिला फार वाटत होतं.

रविवारी तो दारात उभा राहिला तोच ती म्हणाली, "मी तुमची गिटार बिघडवली. डाव्या हाताची केली... चुकून."

त्यानं गिटार घेतली. बोटं ठेवली, तारा छेडल्या. भलतंच काही वाजलं.

"पहिल्यासारखी होईल?"

"नाही..." तिचे डोळे भरून आले.

त्यानं तारांवरून एकदा बोट फिरवलं. मग गिटार तिच्यापुढं धरली. "वाजवा."

तिनं वाजवली. तो मान खाली घालून ऐकत होता.

"ही आता माझ्या हाताला यायची नाही," तो हळूच म्हणाला. "आणि हिला सोडून मला राहवायचं नाही. मग... तुमी दोघी आमच्याकडंच या ना."

आईला विचारते, एवढंच म्हणायचं होतं निवेदिताला. शहाण्या मुली तसंच म्हणतात.

पण तोंडून निघालं, "कधी?"