दोनशे तेरावा बिल्ला

सांगते. पण मधेच मला हसू आलं तर थांबा, कारण हसू सरल्यावर जे आठवतं ते जरा वेगळं आहे.

आमच्या अणुवीज केंद्रात माझं काम बिल्ले वाचायचं. आत जाणारा प्रत्येक माणूस छातीवर काडेपेटीएवढा बिल्ला लावतो. अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते तो बिल्ला लक्षात ठेवतो. महिनाअखेरीस सगळे बिल्ले पेटीतून माझ्याकडे येतात, मी यंत्रात घालते, यंत्र आकडा सांगतं. सासूबाई कौतुकाने सांगायच्या, "आमची सून बिल्ले तपासते," आणि लोकांना वाटायचं मी शाळेत शिकवते.

सातेक वर्षांपूर्वी सरकारने ठरवलं, अणुवीज नको. केंद्र बंद झालं. वापरलेलं इंधन खोल तलावात पाण्याखाली ठेवून आम्ही दोनशे बारा माणसं त्याची राखण करत बसलो. आकडे शून्य, दुपारी नुसत्या जांभया. मग विजेची ओढाताण सुरू झाली आणि नव्या सरकारने ठरवलं, अणुवीज हवीच. शुक्रवारी मंत्री घोषणा करणार होते. त्याआधी 'सगळं ठीक' असा माझा अहवाल साहेबांच्या टेबलावर हवा होता.

अडचण एकच. दोन महिने पेटीत एक बिल्ला जास्त येत होता.

नंबर एकशे सतरा. तो मास्तरांचा. मास्तर म्हणजे आमचे जुने पाळीप्रमुख. दारात उभे राहून एकेकाला अडवायचे, "बिल्ला खिशात नाही, छातीवर." त्यांना वारून चार वर्षं झाली होती. आणि आकडा शून्य नव्हता. पहिल्यांदा दोन आला. कुणीतरी थट्टा केली असेल म्हणून मी बिल्ला खणात टाकला. पुढच्या महिन्यात तो खणात नव्हता, पेटीत होता. आकडा पाच.

तिसऱ्या महिन्यात मी दोनशे बारा बिल्ले स्वतः मोजून पेटीत घातले, कुलूप लावलं आणि पेटी मांडीवर घेऊनच डबा खाल्ला. बाहेर लख्ख ऊन होतं. कुलूप काढून मोजले. दोनशे तेरा.

एकशे सतरा सगळ्यात वर होता. हात लावला तर कोमट… आत्ताच कुणाच्या छातीवरून काढल्यासारखा. आकडा अकरा.

मी वादळला बोलावलं. वादळ आमचा फिटर. अतिशय सावकाश चालतो म्हणून हे नाव. त्याने चष्मा पुसला, बिल्ला उलटा केला. चिमट्याला पांढरी पूड चिकटली होती.

"बोरिक पावडर," तो म्हणाला. "तलावाच्या पाण्यात घालतात. पाणी झिरपून वाळलं की असा थर उरतो."

"म्हणजे?"

"म्हणजे हा बिल्ला लावणारा तलावाखालच्या बोळात फिरतोय, ताई. आणि त्या बोळाला सहा वर्षं कुलूप आहे."

आम्ही संरक्षक पोशाख चढवले, मीटर घेतला आणि खाली उतरलो. आत ओल्या सिमेंटचा वास. दिवा लावला तरी कोपरे काळेच राहिले. वादळ पुढे, मी मागे. थोड्या वेळाने माझ्याही मागे कुणीतरी चालतंय असं वाटायला लागलं. बेताची, ठाम पावलं. मी थांबले की थांबायची.

"छातीवर…"

"काय म्हणालास?"

"मी?" वादळ वळला. "मी काही बोललो नाही…"

मी छाती चाचपली. घाईत बिल्ला खिशातच राहिला होता. तो काढून छातीवर लावला, दोन पावलं टाकली आणि मीटर टिकटिकायला लागला. भिंतीच्या पायथ्याशी वीतभर भेग होती. तिच्यातून पांढरा ओघळ जमिनीपर्यंत आला होता.

साहेबांनी माझा अहवाल दोनदा वाचला.

"माणसं दोनशे बारा. बिल्ले दोनशे तेरा कसे?"

"आले तेवढे लिहिले, साहेब."

त्यांनी फोन जवळ ओढला. "मला पहिल्याच दिवशी मास्तरांनी दारातून परत पाठवलं होतं," एवढंच म्हणाले आणि मंत्रालयाला फोन लावला.

घोषणा आठ महिने पुढे गेली. वर्तमानपत्रांत छापून आलं, 'तांत्रिक कारणामुळे.' वादळने ते कात्रण कॅन्टीनमध्ये लावलं. "मास्तरांना बढती मिळाली," तो म्हणाला. "पाळीप्रमुखाचे तांत्रिक कारण झाले." साहेबसुद्धा हसले. भेग बुजली, तपासण्या झाल्या, केंद्र सुरू झालं. जास्तीचा बिल्ला पुन्हा आला नाही. खरं सांगायचं तर मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं.

गेल्या सोमवारी वादळने मला पुन्हा त्या बोळात नेलं. समोरच्या भिंतीवर, कोरड्या, धडधाकट भिंतीवर, खडूने काढलेला एक गोल होता. खाली सुबक अक्षरात पुढच्या महिन्यातली एकोणीस तारीख. आम्ही भिंत तीनदा तपासली. मीटर गप्प. वादळने ओल्या फडक्याने खडू पुसून टाकला.

काल पाहिलं तर गोल पुन्हा होता, त्याच जागी. तारीख मात्र सतरा झाली होती.