राळ लागलेले हात

बोग्नाने नदीकाठच्या बांधावर नागदवण्याची जुडी ओढली, तर झुडपापलीकडून कुणीतरी तीच जुडी ओढत होतं.

“अहो, सोडा की! मी आधी धरलीय.”

“मुळं माझ्या बाजूला आहेत.” मागोमाग एक रापलेला चेहरा वर आला... कानामागे पेन्सिल, डोळ्यांत खोडी.

हा तिमोन, नरेव नदीपल्याडचा सुतार. दरवर्षी आग पेटवणाऱ्या म्हाताऱ्याचा खांदा आखडला म्हणून आजच्या सोबुत्काची आग त्याच्यावर आली होती. वर्षातल्या सगळ्यात लहान रात्रीच्या या शेकोटीला काडेपेटी चालत नाही. खुंटावर राळ माखलेल्या पेंढ्याचं चाक बसवायचं आणि दोघांनी दोर आळीपाळीने ओढत ते पेटेपर्यंत घासायचं. चर्चची घंटा गावात यायच्या आधीपासून हे असंच. चाक म्हणजे सूर्य, असं म्हणतात.

“घ्या, बांधा कमरेला, आजच्या रात्री नजर लागायची नाही,” त्याने जुडी सोडली. “आज नदीत सोडलेला तुमचा फुलांचा मुकुट कोण पकडणार? पकडेल तोच नवरा म्हणतात.”

“बुडल्यावर कोण पकडतंय? दोन वर्षं बुडालाय. यंदाही गेला तर लग्नाचं नाव सोड, म्हणते वांदामावशी. ती म्हणते हसत, पण गाव खरं मानतं...” बोग्नाने आवाज उतरवला. “म्हणून खाली बुचं बांधलीत.”

“लबाडी!”

“कुणाला सांगाल तर बघा—”

संध्याकाळी सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला. पोरींनी मुकुटांवर मेणबत्त्या लावून ते एकेक करून पाण्यात सोडायला घेतले. चाकातून नुकता धूर निघाला होता, तेवढ्यात दोराच्या दुसऱ्या टोकाचा गडी “माझ्या हेल्काचा मुकुट!” ओरडत सरळ नदीत घुसला. तिमोन एका हाताने दोर धरून भांबावून उभा. सूर्य बुडायच्या आत पेटलं नाही, तर यंदा सोबुत्काच नाही.

“सोड गं पाण्यात!” मावशीने बोग्नाला ढोसलं.

बोग्नाने धुराकडे पाहिलं. विरळ होत होता... तिने मेणबत्ती फुंकली, मुकुट डोक्यावर दाबला आणि पळत जाऊन दोर धरला.

“अहो, तुमचा मुकुट—”

“ओढा आधी!”

तो ओढायचा, ती ओढायची. डोळे चुरचुरले, तळवे सोलले. आणि भप्पकन पेंढ्याने पेट घेतला. गाव ओरडलं आणि त्या जळत्या पेंढ्याने शेकोटी पेटवली.

नदीवरचे दिवे वळणाआड गेले होते. बोग्नाच्या कानाशी बुचं लोंबत होती. “यंदा तर पाण्यातसुद्धा गेला नाही,” ती कसनुसं हसली.

तिमोनने मुकुट अलगद काढून घेतला. “हा बघ, पकडला.”

“नदीतून पकडायचा असतो.”

“नदीने दोनदा घोळ घातलाय. आता तिला कशाला विचारायचं? बोग्ना... मारतेस उडी माझ्यासोबत?”

आगीवरून उडी मारताना हात सुटले नाहीत, तर जोडी टिकते. दोघं धावले, उडाले, पलीकडे धपकन उतरले. हात सुटले नव्हते. सुटणार कसे? दोराची राळ तळव्यांना चिकटलेली!

“हे नाही चालायचं!” मावशीने फतवा काढला. “हात धुऊन परत मारा!”

तिनेच लोणी आणलं, चोळचोळून दोघांचे हात सोडवले, नदीत धुवायला लावले. मग साध्या, ओल्या हातांनी पुन्हा उडी. मधोमध ज्वाळा उसळली, बोग्नाने डोळे मिटले... उघडले तेव्हा पायाखाली गवत होतं, आणि हातात हात.

“बरं बाई, मानलं,” मावशी म्हणाली. “सोड आता त्याला, पाणी तरी पिऊ दे.”

“नाही सोडत,” बोग्ना म्हणाली. “मी आधी धरलाय.”