शहाणं झालेलं वटवाघूळ

"माझं चित्र चोरीला गेलंय. लवकर या."

फोन निसर्ग-संग्रहालयातून होता. इन्स्पेक्टर बाई धापा टाकत तीन जिने चढल्या, तर चित्र भिंतीवर. फ्रेम जागेवर, काच शाबूत. खाली पितळी पाटी : लांब कानांचं वटवाघूळ, जलरंग, दीडशे वर्षांपूर्वीचं.

"हे काय मग?"

"हे ते नव्हे." फोन करणाऱ्या मावशी सव्वीस वर्षं इथली चित्रं पुसत होत्या. सगळं संग्रहालय त्यांना मावशीच म्हणे.

"कशावरून?"

"माझं वटवाघूळ बावळट होतं. हे शहाणं आहे."

इन्स्पेक्टर बाईंनी वही उघडली आणि मिटली. असलं काही लिहायला त्यात रकाना नव्हता.

"अजून काही?"

"फ्रेम जड झालीय. पुसायला उतरवली की हाताला कळतं."

"फ्रेम नाही हो, वय जड झालंय," मागून संचालक म्हणाले आणि इन्स्पेक्टर बाईंना बाजूला घेऊन गेले.

बाजूला म्हणजे बाहेरच्या बोळात. तिथं दोन्ही भिंतींवर सशांचा बाजार भरलेला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शाळेची मुलं यायची, वटवाघळासमोर बसून ते काढायची. कागद तारखेसकट इथं लागायचे. काढायचं वटवाघूळ, व्हायचा उलटा टांगलेला ससा.

"चित्र बदललंय म्हणून या बाईंनी संग्रहालयाच्या समितीला पत्र लिहिलंय," संचालक कुजबुजले. "शनिवारी बैठक आहे. दालनांच्या किल्ल्या एकट्या तिच्याकडे. चित्र खरंच गेलं असेल तर चोर तीच. गेलं नसेल तर तिचं डोकं गेलंय. दोन्हीकडून घरी जायचंय तिलाच."

"तुम्ही स्वतः चित्र नीट पाहिलंत?"

"रोज पाहतो."

"वटवाघळाचं तोंड कुठल्या बाजूला आहे?"

संचालकांच्या तोंडाचा चंबू झाला.

*

निष्कर्ष पहिला : मावशींना भास होतोय.

इन्स्पेक्टर बाईंनी सारख्या आकाराच्या पाच फ्रेमा मागवल्या. मावशींना डोळे मिटायला लावले आणि एकेक हातात दिली.

"खवल्या मांजर. हा बगळा. ही पाणकोळी, हिची खिट्टी सैल आहे, सांभाळून धरा. साळिंदर. आणि हा... हा पण बगळाच, दुसरा."

पाचही बरोबर.

निष्कर्ष खोडला.

*

निष्कर्ष दुसरा : दुरुस्तीवाला.

चार महिन्यांपूर्वी ओलीचे डाग काढायला चित्र आठवडाभर त्याच्या टेबलावर होतं. तो भिंगातून न बघता बोलत नसे.

"कागद जुना आहे," तो काचेवरूनच पाहून म्हणाला. "लिहून देतो."

"कागद जुना म्हणजे चित्र जुनं?"

"तसं नाही. जुन्या पुस्तकांच्या शेवटी कोरी पानं असतात. कुणी त्यावर काढलं तर..."

"तर कळणार कसं?"

"फ्रेम उघडून."

"मग उघडा!"

"तिला लाखेची मोहोर आहे. संचालकांची लेखी परवानगी लागेल."

संचालक म्हणाले, परवानगी समिती देते. समिती कधी बसते? शनिवारी. त्याआधी? त्याआधी समिती बसत नाही. मोहोर कोण लावतं? समितीच्या वतीने चित्र शेवटचं हाताळणारा. नोंद कुठंय? नोंदवही समितीकडे.

इन्स्पेक्टर बाईंना खात्यात चिकटपट्टी म्हणत. त्या दिवशी चिकटपट्टीचाही डिंक सुकायला आला. मूळ चित्राचा जुना फोटो मागितला, तर जुन्या यादीत फोटोच नव्हते, एक ओळ होती : 'वटवाघूळ, टांगलेलं.' नव्या यादीत झकास रंगीत फोटो होता. तो तीन आठवड्यांपूर्वीच काढलेला.

"कोणी काढला?"

"आमचा फोटोवाला. दोन दिवस चित्र त्याच्याकडे होतं," दुरुस्तीवाल्याने नाक खाजवत सांगितलं.

*

निष्कर्ष तिसरा : फोटोवाला.

त्याच्या स्टुडिओत बसायला जागा नव्हती, वटवाघळांना होती. चारी भिंतींवर तीच. सगळ्यांत मोठ्या फोटोत एक समोरून उडत येत होतं. अंगाएवढे कान, कपाळावर एकाच देठातून फुटलेल्या दोन पानांसारखे.

"किती वर्षं काढताय?"

"एकोणीस. गुहेत पोटावर पडून. कोपरं बघा माझी."

"संग्रहालयात यातला एकही दिसला नाही."

"तीनदा दिले. संचालक म्हणतात, फोटो पोस्टकार्डाला ठीक, भिंतीला कला लागते." तो हसला. "कला! ती माणसं सुकलेलं मढं टेबलावर ठेवून चित्रं काढायची. जिवंत वटवाघूळ बापजन्मात पाहिलेलं नसायचं."

"चित्र तुम्ही बदललंत?"

"घराची झडती घ्या."

घेतली. माळा, गादी, कपाटाची पाठ, नळाखालचा खण. रंगांची जुनी पेटी मिळाली. "आधी चित्रकलाच शिकलो, गुन्हा आहे का?" चित्र मिळालं नाही. वरून त्याच्या म्हाताऱ्या आईने सुनावलं, "पोरी, पसारा केलास तसा आवरूनही जा." इन्स्पेक्टर बाईंनी मुकाट गादी उचलून ठेवली.

निष्कर्ष खोडावा की ठेवावा? पेन कागदात रुतलं. शुक्रवार मावळला.

*

शनिवारी बैठकीच्या अर्धा तास आधी मावशी बोळात बाकावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत त्यांचा कप, फडकं, चपलांचा जुना जोड. सामान आवरूनच आल्या होत्या.

"लिहून देते, माझंच चुकलं म्हणून," त्या म्हणाल्या. "चोर म्हणण्यापेक्षा वेडी म्हटलेलं बरं."

 इन्स्पेक्टर बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. समोर ससे. ससे, ससे, ससे...

त्या थांबल्या. चार पावलं मागे गेल्या. पुन्हा पुढे आल्या. मग दोन्ही हातांनी भिंतीवरचे कागद भराभर काढू लागल्या.

"अहो, मुलांचे आहेत ते!" मावशी ओरडल्या.

"मुलांचेच हवेत!"

*

समितीचे पाच जण, संचालक, दुरुस्तीवाला, फोटोवाला. टेबलावर बत्तीस कागद.

"चोरी कळायला जुना फोटो हवा होता," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "तो नव्हता, पण बाहेर बत्तीस साक्षीदार टांगलेले होते. मुलांना वटवाघूळ माहीत नसतं. ती दिसेल ते काढतात. हे मागच्या महिन्यापर्यंतचे कागद. दोन कानांच्या मध्ये काय आहे?"

"कपाळ," एक सदस्य म्हणाले.

"म्हणून तो ससा दिसतो. बावळट. आता हे याच महिन्याचे आठ. सगळ्यांत कान मध्ये जुळलेत. आठही मुलं एकाच जागी एकदम सुधारली? चित्र सुधारलं. दुरुस्तीवाल्यांकडे ते चार महिन्यांपूर्वी होतं. त्यानंतरची तीन महिन्यांची मुलं कपाळच काढतायत, म्हणजे ते सुटले. बदल झाला मुलांच्या शेवटच्या दोन सोमवारांच्या मध्ये. तेवढ्यात चित्र मावशींशिवाय दुसऱ्याच्या हाती गेलं एकदाच, फोटोसाठी."

सगळे फोटोवाल्याकडे वळले.

"चोर नक्कल करताना चुकतो. तुमची पंचाईत उलटी. मूळ चित्र चुकलेलं होतं. सुकलेल्या कातडीवरून काढलेलं, कान एकमेकांपासून दूर. बाकी सगळं तुम्ही रेघ न् रेघ उतरवलंत. पण एकोणीस वर्षं जे डोळ्यांनी पाहिलं ते हात खोटं काढेना."

"हात तयार होता," फोटोवाला हळू म्हणाला. "मीच त्याला काढू दिलं नाही."

"मूळ चित्र कुठंय?" संचालक गरजले. "झडतीत नाही सापडलं!"

"कारण ते त्यांनी घरी ठेवलेलंच नाही. मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, फ्रेम जड झालीय. आपण त्यांच्या वयावर ढकललं. चित्राचा पुठ्ठा एक असतो. इथं दोन आहेत. आता तरी परवानगी द्या."

समितीने परवानगी दिली. दुरुस्तीवाल्याने मोहोर फोडली. एक पुठ्ठा निघाला, त्याखाली दुसरा, आणि त्यावर रुंद कपाळाचं बावळट वटवाघूळ, इवलंसंही चुरगळलेलं नाही.

"मला ते चोरायचं नव्हतं," फोटोवाला म्हणाला. "भिंतीवर एकदा तरी खरं लागावं, एवढंच. कुणाच्या लक्षातही येणार नव्हतं."

"आलं की," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "आणि ज्यांच्या लक्षात आलं त्यांना सगळे वेडी म्हणत होते, तेव्हा तुम्ही तोंड उघडलं नाहीत. गुन्ह्याचं काय ते समिती आणि कोर्ट बघेल. मला राग या गप्प बसण्याचा आहे."

मावशींनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली. 

"कान खरंच असे जुळलेले असतात?"

"हो मावशी."

"सव्वीस वर्षं पुसतेय. कुणी सांगितलं नाही मला." त्यांनी पिशवीतून फडकं काढलं, जुन्या चित्राच्या पुठ्ठ्यावरची धूळ टिपली, मग नव्याच्याही. "बरोबर काढलंस रे. पण ते माझ्या अंगावर का येऊ दिलंस?"

फोटोवाल्याने मान खाली घातली. 

मावशी पिशवी उचलून निघाल्या. दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि संचालकांना म्हणाल्या, "डावीकडे. तोंड डावीकडे आहे त्याचं. लिहून ठेवा."

मग कप, फडकं आणि चपला परत खणात ठेवायला गेल्या.