वाटेत न थांबता

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर काळोखी रात्र घेतली असती. हे घडलं भर दुपारी, मनिलात, गेल्या फेब्रुवारीत, माझ्या सख्ख्या बहिणीच्या ऑफिसात.

आणि मी घाबरट नाही हं. वक्तृत्व स्पर्धेत अख्ख्या शाळेसमोर बोललेय मी. टाळ्या थांबत नव्हत्या.

तरी आज हे बोलत नाही, लिहून काढतेय.

माझी लिझेलताई एका बड्या वित्त कंपनीत लागली होती. ऑस्ट्रेलियातल्या म्हाताऱ्यांचे पेन्शनबद्दलचे फोन घ्यायचे. पहाटे काम सुरू, दुपारी सुटका. पण ती अजून कायम झाली नव्हती. नाही झाली तर माझी शाळा बंद आणि मी दूर सेबू बेटावर, आत्याच्या खाणावळीत भांडी घासायला. घरात हे ठरलेलंच होतं.

ताईच्या शेजारी मिलामावशी बसायची. कंपनी उघडली तेव्हापासूनची. लग्न नाही, मूलबाळ नाही. राहायला एक खोली, तीही नुसती झोपण्यापुरती. बाकी सगळा जन्म त्या खुर्चीत.

ताई फोनवर अडली की मावशी हळूच उत्तर सुचवायची. "सावकाश, पोरी. म्हातारा कुठे पळून जात नाही."

ती मिलामावशी अचानक गेली.

जेवणाच्या सुट्टीत सगळी टीम तिचं शेवटचं दर्शन घ्यायला गेली. आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं की मयताला भेटून सरळ घरी जायचं नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं. कॉफी प्या, पाव घ्या, काहीही करा. मागे लागलेलं तिथेच सुटतं.

नाहीतर ते घरी येतं.

पण त्या दिवशी उशीर झाला होता. टीम लीडर एडगार्दो सर म्हणाले, "ऑफिस हेच आपलं थांबणं समजा. आपण काय घरी चाललोय?"

सगळे हसले.

कुणाच्या डोक्यातच आलं नाही... की मिलामावशीचं घर तेच होतं.

ताईने हेडफोन चढवला. आणि तिला वास आला... पुदिन्याच्या तेलाचा. मावशी कपाळाला चोळायची, तोच.

शेजारची खुर्ची रिकामी होती.

पण गादी दबलेली होती.

तेवढ्यात फोन आला. चिडलेला म्हातारा. काहीतरी किचकट विचारत होता. ताई अडली. मग एकदम सगळं सुचलं. ती भराभर बोलली, म्हातारा शांत झाला, आभार मानून त्याने फोन ठेवला.

तिला कायम करायचं की नाही, हे ठरवायला सरांनी नेमका तोच फोन निवडला. दोघंच बसले. रेकॉर्डिंग लावलं. म्हातारा तावातावाने बोलला. मग उत्तर आलं...

तो आवाज ताईचा नव्हता.

मिलामावशीचा होता. शेवटपर्यंत. ताईचा आवाज कुठेच नाही. तिचा श्वाससुद्धा नाही.

सरांनी रेकॉर्डिंग बंद केलं. मग म्हणाले, "फोन उत्तम झालाय. तू कायम झालीस. हे कुठे बोलू नकोस."

मी घरभर नाचले. ताई नाचली नाही. ती मला एवढंच म्हणाली, "मी आता फोनवर बोलतच नाही गं. नुसते ओठ हलवते."

तेव्हापासून ती रोज कोपऱ्यावरच्या बेकरीत थांबूनच घरी येते. हातात गरम पाव. मी चिडवते, "ताई, फुगशील." ती मला "माकडतोंडे" म्हणते.

आज बेकरी बंद होती.

मी दारात उभी होते. ताई सरळ आली. गेट उघडलं, आत शिरली... आणि गेट तसंच धरून थांबली. जरा जास्तच वेळ. वयस्कर बाईला आत यायला लागतो ना, तेवढा.

"कोण आहे गं?" मी विचारलं.

समोर ताईचे ओठ हलले.

"कुणी नाही, पोरी."

आवाज माझ्या पाठीमागून आला. घरातून.

आई म्हणते, शाळा वाचली ना तुझी? मग गप्प बस.

मी गप्पच आहे. उद्या स्पर्धेची शेवटची फेरी. भाषण पाठ आहे, पण एकदा मोठ्याने म्हणून बघायला हवं.

संध्याकाळपासून तोंड उघडलेलं नाही मी.

उघडलं... आणि आवाज दुसऱ्याच खोलीतून आला तर?